मोटारीतली ऊब आणि धूर
मोटारीतला हीटर शिकागोच्या मार्गारेट विल्कॉक्स यांनी १८९३ साली शोधला, असं इंटरनेटवर जागोजागी वाचायला मिळतं. पेटंट खरं आहे, २८ नोव्हेंबरचं. त्यावर ‘कार हीटर’ असंच लिहिलंय. पण त्या काळच्या अमेरिकेत ‘कार’ म्हणजे रेल्वेचा किंवा ट्रामचा डबा. ड्यूरिया बंधूंची पेट्रोलवरची बग्गी त्याच सप्टेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या रस्त्यावर जेमतेम धावू लागली होती. दोन महिन्यांत तिच्यासाठी हीटर कोण कशाला बनवेल? रेल्वेच्या डब्यांत मात्र कोळशाच्या शेगड्या पेटत्या असत. १८८७ मध्ये व्हर्माँटमध्ये एक गाडी पुलावरून गोठलेल्या नदीवर कोसळली आणि डबे पेटून माणसं जळाली. प्रश्न तिथला होता. बाईंचं श्रेय त्यामुळे कमी होत नाही, पण ते ज्या जागचं आहे तिथेच ठेवावं.

मोटारीत शिरली ती घोडागाडीची युक्ती. गाड्या उघड्या, बाजूंना काचा नाहीत. मग जाड लोकरी किंवा कातडी पांघरुणं, तापवलेल्या विटा, आणि पायाखाली कार्पेट लावलेली पत्र्याची पेटी. तिच्या खणात कोळशाची वडी धुमसत राही. फेरनखाली कांगडी घेऊन बसणाऱ्या काश्मिरी माणसाला यात नवल वाटलं नसतं.

खरं तर उष्णता गाडीतच होती. इंजिन पेट्रोलमधली बहुतेक ऊर्जा उष्णता म्हणून फेकून देतं. तेव्हा धुराचा नळ पायाखालून फिरवायचा, वर जाळी बसवायची, झालं. फोर्डच्या मॉडेल ए गाडीला तर धुराच्या गरम भागावर पत्र्याचं आवरण चढवून त्यातली तापलेली हवा आत घेण्याची सोय बाजारात मिळे. स्वस्त आणि झटपट. पण नळाला चीर पडली किंवा सांधा सैल झाला की उबेबरोबर कार्बन मोनॉक्साइडही आत. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, झोप येते. थंडीत उबेनं डोळे मिटताहेत असंच माणसाला वाटणार.

उघड्या गाडीत हा वायू वाऱ्यावर उडून जाई. पण १९१९ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी दहात एखादीच बंद असे, आणि १९२७ पर्यंत हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या घरात गेलं. थंडी अडवणाऱ्या काचांनी धूरही अडवला.

सुटका पाण्यानं केली. इंजिन थंड ठेवण्यासाठी फिरणारं गरम पाणी एका छोट्या रेडिएटरमधून न्यायचं, मागे पंखा लावायचा. गळलंच तर सतरंजी भिजेल, जीव जाणार नाही. १९३० च्या दशकात असे हीटर लोक वेगळे विकत घेऊन बसवत. तरीही ते आतलीच हवा पुन्हा पुन्हा तापवत आणि काचांवर वाफ धरे. १९३८ च्या नॅश गाडीनं बाहेरची ताजी हवा गाळून, तापवून आत सोडली. पुढच्या वर्षी थर्मोस्टॅटही आला.

फोक्सवॅगनच्या बीटलला मात्र ही वाट मोकळी नव्हती. तिचं इंजिन हवेनं थंड होणारं, पाणीच नाही. त्यामुळे धुराच्या नळाभोवतीची हवा तापवून आत घेण्याचा जुना मार्ग तिनं कित्येक दशकं चालवला. म्हणून जुनी बीटल घेणारा जाणकार आजही आधी गाडीखाली वाकून ते नळ गंजलेत का, ते पाहतो.