सोळा रुपये ऐंशी पैशांची खैरियत

शिरढोण म्हटलं की लोकांना वासुदेव बळवंत फडके आठवतात. १८४५ सालचा त्यांचा जन्म इथलाच. ते पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरीला असताना आई आजारी पडली. रजा वेळेवर मिळाली नाही आणि शेवटची भेट राहून गेली. दूरची नोकरी आणि गावात आई, हे पुढे कोकणात घरोघरी झालं. पुण्याच्या जागी मुंबई आली, मग कुवेत, दुबई, जेद्दा. मोबाईलचा इतिहास मी या घरांच्या बाजूने वाचतो.

३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना फोन केला, तो देशातला पहिला मोबाईल कॉल. अ‍ॅनालॉग पिढी आपण पाहिलीच नाही, थेट डिजिटल टूजीपासून सुरुवात केली. गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपये ८० पैसे, आणि आलेल्या कॉललाही पैसे! दर चढे असण्याची कारणं अनेक, पण एक तंत्रातलं होतं. जीएसएममध्ये एका वाहिनीचे आठ वाटे पडतात. एक वाटा तुमच्या कॉलला दिला की, तुम्ही नुसते हुंदके दिलेत तरी, तो फोन ठेवेपर्यंत अडकलेला.

१ मे २००३ पासून येणारे कॉल फुकट झाले आणि मिस्ड कॉलची भाषा घट्ट रुजली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू लाव. तिला व्याकरण कोणी शिकवलं नाही.

लिहिण्याचं मात्र नुकसान झालं, आणि हे मी दोन्ही भाषांचा शिक्षक म्हणून सांगतो. एका एसएमएसला १४० बाइटची जागा. त्यात रोमन अक्षरं १६० मावत. देवनागरी किंवा उर्दू फक्त ७०. शिवाय साध्या हँडसेटवर समोरच्याला अक्षरांऐवजी चौकोन दिसायचे. मग सगळेच रोमनमध्ये लिहू लागले. तिथे उर्दूतली ‘बडी हे’ आणि ‘छोटी हे’ एक झाली, मराठीतले ‘न’ आणि ‘ण’ एक झाले. मुलांच्या वह्यांत ही गल्लत मला अजून सापडते. फोनवर आता दोन्ही लिप्या नीट उमटतात, सवय मात्र रोमनचीच राहिली.

फोरजीचं खरं नाव ‘लाँग टर्म इव्हॉल्यूशन’. त्यात राखीव वाटा उरला नाही. आवाजाचेही तुकडे होऊन तो डेटासारखाच जातो. जिओने ५ सप्टेंबर २०१६ ला सेवा सुरू केली तेव्हा तिच्याकडे जुनं टूजी नव्हतंच, म्हणून बोलणंही याच वाटेने. कॉलचे वेगळे पैसे हळूहळू संपले.

तरी दुबईत व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर जातो, कॉल लागत नाही. तिथल्या नियमांनी तो अडवलेला आहे. रेकॉर्ड केलेला आवाज मात्र जातो. जिला कुठलीच लिपी येत नाही अशी आई बटण दाबून धरते, बोलते आणि सोडते. मुलगा तो आवाज ड्युटी संपल्यावर ऐकतो.