लाकूडतोड्यांची वंशावळ

आमच्या वर्गात दरवर्षी दोन-चार 'तडवी' असतात. हजेरीपत्रकात धर्म मुस्लिम, जमात तडवी भिल्ल, प्रवर्ग अनुसूचित जमाती. नव्या शिक्षकाला वाटते, कारकुनाने काहीतरी चुकीचे लिहिले. चुकीचे काही नसते. तापी ओलांडून यावल, रावेर, चोपड्याकडे गेले की सातपुड्याच्या पायथ्याला ही वस्ती लागते. औरंगजेबाच्या काळात आपल्या पूर्वजांनी इस्लाम स्वीकारला, अशी त्यांची परंपरा सांगते.

आपल्यात खानदेशचा इतिहास निघाला की गाडी फारुकी सुलतान, थाळनेर, बऱ्हाणपूर आणि 1601 साली अकबराने घेतलेला असीरगड यांच्यापुढे जात नाही. किल्ल्यांवर लिहायला सगळे तयार. त्याच डोंगरात कुऱ्हाड चालवून पोट भरणाऱ्या आपल्याच भावंडांवर कोणी लिहीत नाही. इंग्रजांनी लिहिले, पण साहेबाच्या नजरेने. 1880च्या खानदेश गॅझेटियरात तडवी आहेत, ते कसे वागतात हे आहे. त्यांना काय वाटते, हे नाही.

1860च्या दशकात भुसावळला रेल्वे आली. रुळांखाली टाकायला लाकूड, वाढत्या गावांना जळण. मग 1878चा जंगल कायदा आला, राखीव जंगले झाली आणि काल ज्याचे रान होते तो आज तिथे परवानगीने शिरणारा मजूर झाला. मधे ठेकेदार आला. भिल्ल-आदिवासींची ठेकेदार आणि सावकाराकडून कशी पिळवणूक होते, यावर मुंबई सरकारने सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याकडून अहवाल करून घेतला होता. पुढे बाळासाहेब खेरांच्या सरकारच्या काळात जंगल कामगार सहकारी सोसायट्या सुरू झाल्या, त्या ठेकेदाराला बाजूला करण्यासाठीच.

सोसायटीला कूप मिळायचा. कूप म्हणजे त्या साली तोडायला नेमून दिलेला जंगलाचा तुकडा. झाडाला नंबर, बुंध्यावर हातोड्याचा ठसा, मग तोड, ओंडके, बैलगाडी, डेपो. सागाला भाव. अंजन मात्र असे कठीण की कुऱ्हाडीची धार जायची. पण त्याचाच पाला उन्हाळ्यात गुरांना वाचवायचा. सालईचे लाकूड हलके, इमारतीला फारसे कामाचे नाही. पण बऱ्हाणपूरच्या पलीकडे नेपानगरला वृत्तपत्राच्या कागदाची गिरणी उभी राहिली, 26 एप्रिल 1956 रोजी नेहरूंनी ती देशाला अर्पण केली, आणि तिथे सालई व बांबूपासून कागद होऊ लागला. जंगलातला माणूस पेपरात क्वचितच आला, पण पेपर मात्र जंगलातूनच आला.

1969 साली यावल अभयारण्य झाले. 12 डिसेंबर 1996च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तोड कार्य आयोजनेपुरती उरली, जंगलातल्या विनापरवाना सॉ मिल बंद झाल्या. कुऱ्हाडी माळ्यावर गेल्या. नातवंडांना कूप हा शब्द विहिरीचा वाटतो. संस्कृतच्या हिशेबाने ते बरोबरही आहे म्हणा.

हे सगळे लिहून ठेवायची घाई केवळ आठवणींसाठी नाही. 2006च्या वनहक्क कायद्याखालच्या नियमांत, नियम 13 मध्ये, पुरावा म्हणून काय चालते ते दिले आहे: गॅझेटियर, जनगणना, जंगलाच्या कार्य आयोजना, जुन्या विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थाने, वंशावळ. आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन. म्हणजे ज्याला आपण म्हाताऱ्याच्या गप्पा म्हणतो, तो कायद्याने पुरावा आहे. मात्र कागदावर उतरलेला. एकेक बुजुर्ग गेला की एकेक साक्षीदार जातो, आणि सातबारा नसलेल्या माणसाजवळ साक्षीदाराशिवाय असते काय?

म्हणून मी मुलांना सुटीत काम देतो. उर्दू माध्यमाच्या मुलांनाही सांगतो, हे मराठीत लिहा. ग्रामसभेत आणि समितीत ते मराठीतच वाचले जाणार. पण झाडांची, नाल्यांची, पाऊलवाटांची नावे आजोबा जशी बोलतात तशीच ठेवा, शुद्ध करू नका. आपल्या आजोबांना विचारा, शेजारच्या आजोबांनाही विचारा. दावा आपल्या घरचा असेल तर शेजारच्यांचेच निवेदन लागेल. कोणत्या नाल्याजवळ कूप होता? गाडीवाट कुठून निघायची? कब्रस्तानातली सर्वांत जुनी कबर कोणाची? खाली तारीख घाला, सही घ्या. सही येत नसेल तर अंगठा.