जुना कठडा, जुना रंग

दिवाळी सरली की आपल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेचे वेध लागतात. घोडेबाजार भरतो, तापीकाठ माणसांनी फुलतो आणि एकमुखी दत्ताच्या दर्शनाला आलेले पाहुणे घरोघरी उतरतात. त्याआधी घराला रंग द्यायचा असतो. भिंतींना रंगारी मिळतो. जिन्याच्या कठड्याचा जुना रंग खरवडण्याचे काम मात्र बहुधा आपल्याच हाती येते. हे काम क्षुल्लक वाटते. पण त्यालाही एक इतिहास आहे, आणि तो प्रत्येक आईने जाणून घ्यावा असा आहे.

पूर्वीचा तेलरंग म्हणजे जवसाच्या तेलात घोटलेली पूड. पांढऱ्या रंगासाठी ती पूड बहुधा शिशाच्या सफेत्याची असे. लोखंड गंजू नये म्हणून त्याला आधी शेंदराचा हात देत. तो शेंदूरही शिशाचाच. कित्येक पिवळ्या रंगांतही शिसे असे. शिशामुळे रंग लवकर वाळे व पुष्कळ वर्षे टिके, म्हणून साऱ्या जगाने तो वापरला. शिसे विषारी आहे हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. रंगाऱ्यांच्या पोटात कळा येत, मनगटे लुळी पडत. पण कठड्यावर वाळून बसलेला रंग घरातल्यांना काय करणार, असेच लोक समजत.

हा समज एका कठड्यानेच खोटा ठरवला. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन हे आपल्यासारखेच कडक उन्हाचे गाव. तेथील घरे लाकडी, पुढे ओसरी आणि ओसरीला रंगवलेले कठडे. त्या गावच्या लहान मुलांना पोटशूळ होई, पाय लुळे पडत, काहींची दृष्टी अधू होई. ही शिशाची बाधा आहे, एवढे डॉक्टरांनी ओळखले होते. पण शिसे येते कोठून, ते कळेना. १९०४ साली लॉकहार्ट गिब्सन या डोळ्यांच्या डॉक्टरांनी कारण दाखवून दिले. उन्हाने कठड्याचा रंग पिठासारखा सुटतो, तो मुलांच्या हाताला लागतो आणि बोटांबरोबर तोंडात जातो. मुलांचे हात पोहोचतील अशा कठड्यांना व कुंपणांना शिशाचा रंग देण्यास तेथे कायद्याने मनाई झाली, ती मात्र १९२२ साली.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९२१ मध्ये, जिनिव्हा येथे कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. रंगकामाच्या धंद्यात शिशाच्या सफेत्याचे काम स्त्रियांना व १८ वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे त्यात ठरले. घरी बसून पॉलिश पेपर घासणाऱ्या गृहिणीचा विचार त्यात नव्हता. अमेरिकेने घरगुती रंगातील शिशावर १९७८ साली बंदी घातली. आपल्या सरकारने २०१६ साली नियम केले. ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यांप्रमाणे घरगुती रंगाच्या दहा लाख भागांत शिसे ९० भागांहून अधिक असू नये.

पण हा नियम नव्या डब्याला. कठड्यावर सासूबाईंच्या काळापासून चढलेले थर तसेच आहेत, आणि त्यांत शिसे आहे की नाही हे नुसते पाहून कळत नाही. म्हणून ते आहे असे धरूनच चालावे. रंग घट्ट बसलेला असेल तर तो न खरवडता वरून नवा हात द्यावा. सुटला असेल तर कोरडा घासू नये. पाणी लावून, ओला ठेवूनच काढावा. दिव्याने जाळून तर मुळीच काढू नये, कारण त्या धुरात विष असते. नाकाला पदर बांधल्याने ही बारीक धूळ अडत नाही. खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरावा, पोपडे त्यातच गुंडाळावेत आणि जमीन केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी. गरोदर बाईने या कामाला हात लावू नये. मोडक्या कठड्याचे रंगीत लाकूड चुलीत वा बंबात घालू नये. त्याच्या राखेत शिसे उरते आणि त्याच राखेने आपण भांडी घासतो.

आणि काम चालू असेतो मुलांना शेजारी पाठवावे. शेजारणीनेही ती आनंदाने सांभाळावीत. पुढच्या आठवड्यात तिचाही कठडा निघणारच आहे.