पाहुण्याला कुठला सण दाखवावा?

आमच्या प्रोजेक्टवरचा एक परदेशी सहकारी जुलैत मंगोलियाला जाऊन 'नादाम' बघून आला. कॉलवर पंधरा मिनिटं कुस्ती आणि घोडे यांवर बोलून झाल्यावर त्याने मला विचारलं, "तुमच्या शहरात असा पारंपरिक सण बघायचा असेल तर कधी यावं?" मी पडलो डोंबिवलीकर. म्हटलं, गुढीपाडव्याला ये, फडके रोडची स्वागतयात्रा बघ. हे उत्तर मला आजही बरोबर वाटतं. पण गंमत बघा, ही स्वागतयात्रा सुरू झाली १९९९ साली. म्हणजे गूगलपेक्षा एका वर्षाने धाकटी! मग तिला पारंपरिक म्हणायचं का? हा वीकांत त्याच प्रश्नाचा.

आधी त्या नादामचंच बघू. कुस्ती, घोड्यांची शर्यत आणि तिरंदाजी हे त्यातले तीन खेळ खरोखरच कित्येक शतकं जुने आहेत. पण ज्या नादामसाठी पर्यटक विमानं भरून उलानबातरला जातात, तो दरवर्षी ११ ते १३ जुलैला होतो. पक्क्या तारखेला. मंगोलियाचा नववर्षाचा सण, 'त्सगान सार', आपल्या सणांसारखा चंद्रावर चालतो, दरवर्षी पुढेमागे होतो. मग नादामच का नाही सरकत? कारण तो १९२१ च्या क्रांतीचा वर्धापनदिन आहे. जुने खेळ, नवी तारीख, नवं कारण. उलट त्सगान सार खरोखर जुना, तर कम्युनिस्ट राजवटीने त्याला दाबून ठेवलं, 'पशुपालकांचा दिवस' असं नाव देऊन गुंडाळलं. १९९० च्या आसपास लोकशाही आली आणि सण आपल्या मूळ नावाने परत आला. मधली कित्येक वर्षं लोकांनी तो घरातल्या घरात जपला होता.

म्हणजे सणाची तारीख बघितली की तो कोणी घडवला याचा अंदाज येतो. निदान मंगोलियात तरी. आपल्याकडे हा नियम चालत नाही, कारण आपण १९९९ चा कार्यक्रमसुद्धा तिथीलाच करतो. चैत्र शुद्ध प्रतिपदा म्हटलं की सगळं आपोआप हजार वर्षं जुनं वाटायला लागतं.

पाडवा जुना आहेच, त्यात वाद नाही. पण तो घरचा सण होता. दारात गुढी, कडुनिंबाची चटणी, पंचांगवाचन, दुपारी श्रीखंड आणि मग झोप. रस्त्यावर काही नाही. १९९९ साली, शके १९२१ च्या पाडव्याला, डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने हा सण रस्त्यावर आला. (शके १९२१ आणि मंगोलियाची क्रांती १९२१ हा निव्वळ योगायोग, पण मला भारी आवडला :-) ) हे मंदिर १९२४ चं. पालखी, लेझीम, ढोल, चित्ररथ, गावातल्या संस्थांची पथकं, नऊवारी नेसून बुलेटवर निघालेल्या मुली... आज हे वर्णन वाचून कोणालाच नवल वाटणार नाही, कारण पुढच्या काही वर्षांत ठाणे, गिरगाव असं करत ही कल्पना सगळीकडे पसरली. कोणी पेटंट घेतलं नाही, रॉयल्टी मागितली नाही. ओपन सोर्स म्हणा हवं तर.

पण हे डोंबिवलीतच का सुचलं असावं? माझा तर्क असा. डोंबिवली हे बाहेरून आलेल्यांचं गाव. गिरगाव-दादरची चाळ सुटली म्हणून, कोकणातून नोकरीसाठी, देशावरून बदली होऊन, असे सगळे इथे आले. सकाळी लोकल, रात्री लोकल. शेजाऱ्याची ओळख प्लॅटफॉर्मवर जास्त, जिन्यात कमी. ज्याचं त्याचं 'गाव' वेगळं. गणपतीत निम्मी सोसायटी कोकणात. अशा शहराला आपलं म्हणावं असं एकच गाऱ्हाणं होतं, रेल्वे! आपला म्हणावा असा दिवस नव्हता. तो स्वागतयात्रेने दिला. पाडव्याला गावी जायची फारशी पद्धत नाही, त्यामुळे त्या दिवशी डोंबिवलीकर डोंबिवलीतच असतो. दिवाळीच्या पहिल्या पहाटे फडके रोडवर तरुणाईची जी गर्दी होते, तीही याच जातीची. ठाण्यात तीच गर्दी तलावपाळीला असते. कुठल्या पोथीत सांगितलेली नाही, पण चुकवून चालत नाही.

आणि हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. टिळकांनी १८९३ पासून घरचा गणपती चौकात आणायच्या चळवळीला जोर दिला. दोनच वर्षांत, १८९५ साली, कल्याणच्या सुभेदारवाड्यात सार्वजनिक गणेशोत्सव सुरूही झाला. १८९५ चा कल्याणकर कदाचित तेव्हाही म्हणाला असेल, "हे काय नवीन खूळ!" आज त्याच उत्सवाला आपण ऐतिहासिक म्हणतो. थोडक्यात, परंपरा म्हणजे टिकलेलं व्हर्जन वन.

असं म्हणून विषय संपवता आला असता. पण मग या भागातल्या खरोखर जुन्या गोष्टींचं काय? इथेच मला आपली, म्हणजे फ्लॅटवाल्यांची, बाजू जरा लंगडी वाटते.

कल्याण हे प्राचीन बंदर. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावं आहेत. रेल्वे इथे पोचली १८५४ मध्ये, त्याच्या कितीतरी आधीपासून इथे आगरी, कोळी, कातकरी माणसं राहत होती आणि त्यांचे सणही होते. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला खाडीला नारळ वाहतात. आगरी गावांत होळी हा वर्षातला मोठा सण, आणि गावदेवीची जत्रा ही अख्ख्या गावाची पाहुणचाराची वेळ. आज त्या गावांच्या शेतांवर आपले टॉवर उभे आहेत. गावाचं नाव बिल्डरने मोठ्या आनंदाने वापरलं, पण जत्रा कुठल्या तिथीला असते हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

कल्याणजवळच्या मलंगगडाची माघ पौर्णिमेची यात्रा घ्या. मुसलमान तिथे हाजी अब्दुर्रहमान मलंग यांच्या दर्ग्याला जातात, हिंदू मच्छिंद्रनाथांच्या समाधीला, जागा एकच. देखरेख वंशपरंपरेने कल्याणच्या केतकर घराण्याकडे. या व्यवस्थेचे वाद १९५० च्या दशकात सुप्रीम कोर्टापर्यंत पोचले होते, आणि १९८० च्या दशकात आनंद दिघे यांनी आंदोलन केल्यापासून जागा कोणाची हा राजकारणाचा विषय झाला, तो आजतागायत आहे. जुनं ते सोज्वळ आणि बिनवादाचं असतं, असं ज्याला वाटतं त्याने हा गड जरूर चढावा.

किंवा मुरबाड तालुक्यातलं म्हसा. पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची, म्हणजे म्हसोबाची, यात्रा भरते. तिथला गुरांचा बाजार प्रसिद्ध आहे. बैलांचे दात बघून सौदे होतात, थंडीच्या दिवसांत घोंगड्या विकायला येतात. आपल्या जिल्ह्यात नादामच्या सगळ्यात जवळ जाणारं काही असेल तर ते हेच: जनावरं, त्यांची पारख आणि त्यानिमित्ताने भेटणारी माणसं. आपल्यातले कित्येक जण माळशेजला जाताना मुरबाडवरून पुढे निघून जातात, पण ही जत्रा बघितलेले थोडेच.

दुसऱ्या टोकाला ठाण्याची दहीहंडी. २०१२ मध्ये जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा गिनेस विक्रम केला. २०१४ मध्ये हायकोर्टाने उंचीला वीस फुटांची मर्यादा घातली, २०१७ मध्ये ती उठली. चौदा वर्षांखालच्या मुलांना मात्र बंदी राहिली. २०२५ मध्ये जोगेश्वरीच्याच कोकणनगर पथकाने ठाण्यात दहा थर लावले. थरार आहे, कसब आहे, वादच नाही. पण पथक जोगेश्वरीचं, बक्षीस आयोजकाचं, आणि ठाणेकर? तो स्टेजसमोर मोबाईल वर धरून उभा. स्वतःच्या शहरात तोही पर्यटकच झाला.

मला वाटतं खरी फूटपट्टी इथे सापडते. सण किती जुना हा प्रश्न इतिहासकारांसाठी ठीक आहे. पाहुण्याला नेताना विचारायचा प्रश्न वेगळा: या सणात इथली माणसं काही करतात की नुसती बघतात? स्वागतयात्रा १९९९ ची असली तरी शाळेच्या लेझीम पथकासाठी आठवडाभर तालीम करणारी पोरं इथलीच असतात, पहाटे चौकात रांगोळी काढणाऱ्या काकू इथल्याच. कोरोनामुळे २०२० आणि २०२१ मध्ये यात्रा निघाली नाही. २०२२ चा पाडवा आला तेव्हा राज्यातले निर्बंध नुकतेच उठले होते आणि लोक पुन्हा रस्त्यावर आले. ज्या दिवशी ती फक्त डीजे, बॅनर आणि नेत्यांचे फोटो यांची परेड होईल, त्या दिवशी तिथीला करूनही ती परंपरा राहणार नाही. हा धोका काल्पनिक नाही, बॅनर मोजून बघा.

असो. तर त्या सहकाऱ्याला मी सविस्तर मेल पाठवली आहे. पाडव्याला ये, सकाळी सातच्या आत फडके रोडला पोच, रिक्षाची आशा सोड आणि पायात चपला आरामाच्या घाल. पण जमलं तर जानेवारीतच ये. पौष पौर्णिमेला कल्याणहून मुरबाडची एसटी पकडून म्हशाला जाऊ, आणि पुढच्या पौर्णिमेला मलंगगड.

खालची ओळ त्याच्यासाठी नव्हती, माझ्यासाठी होती, तरी मेलमध्ये राहू दिली: मीही म्हशाला पहिल्यांदाच येतोय.