देशमुखी गेली, देशमुख उरले

परळी वैजनाथच्या पंचक्रोशीत आडनावांच्या दोन तऱ्हा चटकन कानात भरतात. मुंडे, फड, गित्ते ही एक तऱ्हा. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, पाटील ही दुसरी. पहिलीवरून बहुधा कूळ आणि समाज ओळखू येतो. दुसरीवरून कळतो तो फक्त पूर्वजाचा हुद्दा, आणि आपली फसगत होते ती इथेच.

गावाला जसे पाटील आणि कुलकर्णी, तसे अनेक गावांच्या परगण्याला देशमुख आणि देशपांडे. देशपांड्याने हिशेब राखायचा. देशमुखाने सारा वसूल करायचा, पडीक जमीन लागवडीला आणायची, बंदोबस्त ठेवायचा. मोबदल्यात इनाम जमीन, वसुलातला हक्क आणि मानपान. राज्ये बदलली तरी वतन बहुधा घरातच राही. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त या वतनदारांना राज्याचे वाटेकरीच मानले आहे, ते उगाच नव्हे.

पण वतनात जोखीमही होती. परळीशेजारच्या अंबाजोगाईत समाधी असलेल्या दासोपंतांचे (१५५१–१६१५) वडील नारायणपेठचे देशपांडे. साऱ्याचा भरणा थकला म्हणून लहानग्या दासोपंतांना बीदरच्या दरबारी ओलीस ठेवावे लागले, असे परंपरा सांगते.

वतन वंशपरंपरेचे, म्हणून हुद्द्याचे आडनाव झाले. युरोपातही हे घडले. स्कॉटलंडच्या राजाचा वंशपरंपरागत कारभारी म्हणजे ‘स्टुअर्ड’. त्याच हुद्द्यावरून स्टुअर्ट हे आडनाव पडले आणि १३७१ मध्ये ते घराणे गादीवर बसले.

आपल्याकडे मात्र एकच हुद्दा अनेक समाजांतल्या घराण्यांकडे होता. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख चित्पावन ब्राह्मण, मूळ आडनाव सिद्धये. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. विदर्भातले डॉ. पंजाबराव देशमुख मराठा, मूळचे कदम. मुसलमानांतही देशमुख आहेत. आडनाव एक, रक्ताचे नाते काहीच नाही.

हुद्दा संपला तो टप्प्याटप्प्याने. निजामाच्या राज्यात, म्हणजे आपल्या मराठवाड्यातही, दिवाण सालारजंग यांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली. वसुली पगारी अधिकाऱ्यांकडे गेली. देशमुख-देशपांड्यांच्या हाती रुसूम, म्हणजे जुन्या हक्काची ठरीव रक्कम, उरली. मुंबई राज्यात परगणा आणि कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली. महसुली पाटलांचे पद १९६२ च्या कायद्याने रद्द झाले. मात्र शाळेच्या दाखल्यावर, सातबाऱ्यावर, मतदारयादीत आडनावे पक्की नोंदली गेली होती. काम सुटले, नाव चिकटून राहिले.

म्हणूनच नुसत्या आडनावावरून कोणाचा वंश, जात किंवा मोठेपण ठरवणे हा इतिहास नव्हे. ‘देशमुख’ एवढ्याने कळते ते इतकेच, की या घराण्यात कधीतरी परगण्याची वसुली होती. ती न्यायाने केली की जुलमाने, हे आडनाव सांगत नाही; त्यासाठी वतनाचे कागद, महजर आणि निवाडेच उघडावे लागतात. आपल्याकडची जुनी माणसे सोयरिकीच्या बैठकीत ‘देशमुख, पण मूळचे कोण?’ असे विचारतात. त्यांचा हेतू जात पाहण्याचा असतो, पण नेमका तोच प्रश्न संशोधकानेही पहिला विचारायला हवा.