गुळाचा चहा आणि चरकसंहिता

कोल्हापूरला लागून असलेल्या उचगावात सकाळचा चहा गुळाचा असला, तर त्यात नवल नाही. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरी गुळाच्याच व्यापारावर भरभराटीस आली.

मात्र ‘गूळ नैसर्गिक, म्हणून मधुमेहींना चालतो’ हा समज चरकसंहितेपुढेच टिकत नाही. तेथे प्रमेहाच्या कारणांत दही-दुधासोबत गुळाचे पदार्थही मोजले आहेत. (२०१४ चे भौगोलिक मानांकन कोल्हापुरी गुळाच्या उगमाला आहे, पथ्याला नव्हे!)

गुळातही प्रामुख्याने सुक्रोजच असते. पेयातून ते झपाट्याने रक्तात उतरते. त्यातच पहाटेच्या संप्रेरकांमुळे यकृत साखर सोडते आणि अनेक मधुमेहींची रक्तशर्करा पहिल्या घोटाआधीच चढलेली असते. बिनगोड चहात उरते ते केवळ दुधातले थोडे लॅक्टोज.