खालच्या पायरीचा इतिहास

लहान संस्थेपुढे एक प्रश्न कधी ना कधी उभा राहतोच. मोठ्यांच्या पंगतीत शेवटच्या पाटावर अवघडून बसावे, की उठून आपल्या बरोबरीच्यांत जाऊन पोटभर जेवावे? शाळा, पतपेढी, नाट्यमंडळ, कोणालाही हा प्रश्न चुकलेला नाही. क्रीडाक्षेत्रात मात्र तो लपवता येत नाही, कारण तेथे हारजीत फलकावर आकड्यांत लिहिली जाते. अमेरिकेतील विद्यापीठे शंभर वर्षांहून अधिक काळ या प्रश्नाशी झुंजत आहेत. अगदी अलीकडे एका लहान कॅथलिक विद्यापीठाने त्याला जे उत्तर दिले, त्याची हकिकत प्रथम सांगावी आणि मग आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाकडे वळावे, असा आमचा विचार आहे.

पेनसिल्वेनिया राज्यातील अ‍ॅलेघेनीच्या डोंगराळ मुलखात लॉरेटो नावाचे छोटे गाव आहे. दिमित्री गॅलित्झिन या रशियन राजघराण्यातील तरुणाने राजवैभव सोडून अमेरिकेत धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली आणि १७९९ साली या रानात कॅथलिक वसाहत उभी केली. पुढे १८४७ मध्ये आयर्लंडहून आलेल्या सहा फ्रान्सिस्कन बंधूंनी तेथे शाळा काढली. तिचेच आजचे रूप म्हणजे सेंट फ्रान्सिस विद्यापीठ. विद्यार्थी जेमतेम दोन-तीन हजार. पण या एवढ्याशा संस्थेचे नाव बास्केटबॉलच्या इतिहासात कायमचे कोरले गेले आहे, आणि त्याचे कारण मॉरिस स्टोक्स हा कृष्णवर्णीय खेळाडू.

१९५५ साली स्टोक्सने आपल्या महाविद्यालयाला न्यूयॉर्कच्या राष्ट्रीय निमंत्रितांच्या स्पर्धेत चौथ्या क्रमांकापर्यंत नेले. संघ चौथा आला, तरी स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच मिळाला. पुढे तो व्यावसायिक खेळात चमकला. परंतु मार्च १९५८ मध्ये एका सामन्यात तो डोक्यावर पडला आणि काही दिवसांतच त्याचे सर्व शरीर लुळे पडले. तेव्हा जॅक ट्वायमन हा त्याचा गोरा सहखेळाडू कायद्याने त्याचा पालक बनला. औषधोपचारासाठी त्याने निधी उभारला आणि स्टोक्सच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे तब्बल बारा वर्षे, ही जबाबदारी वाहिली. १९७० साली स्टोक्स निवर्तला. त्याच्या इच्छेनुसार लॉरेटो येथे फ्रान्सिस्कन बंधूंच्या दफनभूमीत त्याला मूठमाती देण्यात आली. विद्यापीठाचे क्रीडाभवन आज त्याच्याच नावाने ओळखले जाते.

असा वारसा असलेल्या संस्थेने २५ मार्च २०२५ रोजी जाहीर केले, की २०२६-२७ च्या हंगामापासून आपण पहिल्या श्रेणीतून निघून थेट तिसऱ्या श्रेणीत खेळणार. ही घोषणा होण्यापूर्वी आठवडाभरच आधी त्यांचा बास्केटबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरला होता आणि अलाबामा स्टेटकडून ६८ विरुद्ध ७० अशा दोन गुणांनी हरला होता. म्हणजे हा निर्णय नामुष्कीच्या पराभवानंतर घेतलेला नव्हता. संघ शिखराजवळ असताना संस्थेने पायउतार होण्याचे ठरवले. त्यामुळेच अनेकांना धक्का बसला.

हा निर्णय समजण्यासाठी त्या श्रेणींची घडण थोडक्यात सांगायला हवी. १९०५ साली महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये खेळाडूंचे मृत्यू होऊ लागले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी स्वतः लक्ष घातले आणि १९०६ मध्ये विद्यापीठांची नियामक संघटना स्थापन झाली. १९७३ साली या संघटनेने आपल्या सभासदांचे तीन श्रेणींत विभाजन केले. पहिल्या श्रेणीत खेळासाठी पूर्ण शिष्यवृत्ती देता येते, दुसरीत मर्यादित, आणि तिसऱ्या श्रेणीत केवळ खेळतो म्हणून कोणालाही शिष्यवृत्ती देता येत नाही. तिसरी श्रेणी ही उरल्यासुरल्यांची जागा आहे, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. सभासदसंख्येने तीच सर्वांत मोठी असून तिच्यात चारशेहून अधिक संस्था आहेत.

पहिल्या श्रेणीत गेल्या काही वर्षांत पैशाचा लोंढा शिरला. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर व प्रतिमेवर कमाई करण्याची मुभा मिळाली. एक विद्यापीठ सोडून दुसऱ्यात जाणे सोपे झाले. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार तर विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देता येऊ लागला, आणि पहिल्या वर्षाची त्याची कमाल मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लक्ष डॉलर एवढी होती. डोंगरातील फ्रान्सिस्कन विद्यापीठाने घडवलेला मुलगा दुसऱ्याच वर्षी श्रीमंत विद्यापीठाने उचलून न्यावा, अशी ही व्यवस्था. तिच्यात राहणे म्हणजे दुसऱ्याच्या बागेसाठी रोपवाटिका चालवणे होते. फ्रान्सिस्कन विश्वस्तांनी ती चालवण्यास नकार दिला.

या मार्गाने जाणारे हे पहिले विद्यापीठ नव्हे. सर्वांत गाजलेले उदाहरण शिकागो विद्यापीठाचे. १८९६ साली पश्चिमेकडील बलाढ्य विद्यापीठांचा जो क्रीडासंघ स्थापन झाला, त्याच्या संस्थापकांत शिकागो होते. फुटबॉलमधील सर्वोच्च मानाचा हाइझमन करंडक १९३५ साली सर्वप्रथम ज्याला मिळाला तो जे बरवँगर शिकागोचाच. पुढे अभ्यासाच्या अटी कडक झाल्या आणि संघ दुबळा पडू लागला. १९३९ साली मिशिगनने त्यांना ८५ विरुद्ध ० असे धुऊन काढले. त्या वर्षाअखेर अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या पुढाकाराने विद्यापीठाने फुटबॉलच बंद केले. विद्यापीठाची प्रतिष्ठा बुडाली, माजी विद्यार्थी देणग्या बंद करतील, अशी ओरड झाली.

प्रत्यक्षात काय झाले? प्रेक्षकांवाचून ओस पडलेल्या त्याच स्टॅग मैदानाच्या सज्जाखाली २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील पहिली नियंत्रित अणु-शृंखलाक्रिया घडवून आणली. त्या शोधाचे पुढे काय झाले, हा निराळा आणि क्लेशकारक विषय आहे. येथे मुद्दा एवढाच, की फुटबॉल सोडल्याने शिकागोची विद्वत्ता उणावली नाही. १९४६ मध्ये त्यांनी तो क्रीडासंघही सोडला. १९६९ साली फुटबॉल परत आले आणि आज शिकागोचे संघ तिसऱ्या श्रेणीत आनंदाने खेळतात.

परंतु एकाच बाजूची उदाहरणे देऊन थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन शहरी येशूसंघीयांचे गोंझागा विद्यापीठ आहे. तेही मोठे नाही. पण ते पहिल्या श्रेणीत टिकून राहिले आणि २०१७ व २०२१ अशा दोन वर्षी बास्केटबॉलच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. एरवी ज्यांच्या कानी त्याचे नाव गेले नसते, त्यांना ते खेळामुळे कळले. उलट अलाबामातील बर्मिंगहॅम-सदर्न या मेथडिस्ट महाविद्यालयाने २००६ साली खर्च आवरण्यासाठी तिसरी श्रेणी पत्करली; तरीही आर्थिक अरिष्टातून ते सावरले नाही आणि ३१ मे २०२४ रोजी कायमचे बंद पडले. त्याच दिवशी त्यांचा बेसबॉल संघ तिसऱ्या श्रेणीच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळण्यास उतरला होता. महाविद्यालय नाहीसे झाले होते, पण मुले त्याचे नाव छातीवर लावून खेळत होती.

तेव्हा खाली उतरणे हे रामबाण औषध नव्हे, आणि वर राहणे हा अहंकारच असतो असेही नाही. संस्था कोणत्या श्रेणीत खेळते यापेक्षा तिच्या मैदानावर किती विद्यार्थी खेळतात, हे पाहावे. हा निकष लावला की लॉरेटोचा निर्णय मानहानीचा वाटत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. मराठवाड्यातील महाविद्यालये पूर्वी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, एस. आर. डोंगरकेरी हे त्याचे पहिले कुलगुरू. १४ जानेवारी १९९४ रोजी दीर्घ संघर्षानंतर त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव जोडले गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि नांदेड, परभणी, लातूर हा भाग वेगळा झाला. उरले ते आजचे छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे.

या विद्यापीठाने खालच्या श्रेणीत जावे काय, असा प्रश्न येथे कोणी विचारीत नाही. कारण आपल्याकडे खालची श्रेणीच नाही. महाविद्यालयांच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होतात. त्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो संघ पश्चिम विभागात महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश येथील विद्यापीठांशी झुंजतो, आणि अगदी वरचे मोजके संघ अखिल भारतीय स्पर्धेला जातात. बहुतेक सांघिक खेळांत आरंभीचे सामने बाद पद्धतीचे असतात. म्हणजे रात्रभर रेल्वेने प्रवास करून गेलेला संघ पहिल्याच दिवशी हरला, तर दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत. महाविद्यालयीन पातळीवरही तेच. एखाद्या तालुक्याच्या गावातील लहान महाविद्यालयाचा संघ शहरातील मातब्बर संघासमोर येतो, तासाभरात हरतो आणि त्याचा वर्षाचा हंगाम तेथेच संपतो. प्रवेश घेताना क्रीडाशुल्क मात्र प्रत्येक विद्यार्थी भरतो.

शिखरावर मानाचा करंडक आहे तो मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या नावाचा. १९५६-५७ पासून तो आंतरविद्यापीठीय खेळांत सर्वांत सरस ठरणाऱ्या विद्यापीठाला दिला जातो. अनेक दशके त्यावर अमृतसर, पतियाळा आणि चंदीगड येथील विद्यापीठांची मक्तेदारी राहिली. आता धनाढ्य खाजगी विद्यापीठेही त्यात उतरली आहेत. अमेरिकेतील पैशाचा लोंढा आपल्याकडे अजून आलेला नसला, तरी पाणी वाढत चालले आहे, हे ओळखावे.

मराठवाड्याच्या मनात क्रीडाक्षेत्राविषयी एक सल आहे. राज्याचे क्रीडा विद्यापीठ औरंगाबादला होणार, अशी घोषणा झाली होती. पण डिसेंबर २०२० मध्ये विधिमंडळाने केलेल्या कायद्याने ते पुण्याच्या बालेवाडीस गेले. हा सल रास्त आहे. तथापि मोठी संस्था आपल्याकडे आली नाही, एवढ्यावर आपले गाऱ्हाणे थांबू नये. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे पहा. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीत त्याने रौप्यपदक मिळवले आणि पुढील वर्षी हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक. हा मुलगा आपल्याच भागातला. पण त्याची धाव बारावीनंतर सैन्यात गेल्यावर, तेथील क्रॉस-कंट्री शर्यतींत ओळखली गेली. महाविद्यालयाच्या मैदानावर ज्यांची धाव कोणी पाहिलीच नाही, असे किती असतील?

खालची पायरी असली की वर चढता येते, याचे उदाहरण आपल्या देशातही आहे. रणजी करंडक स्पर्धेत २००२-०३ पासून संघांची एलिट आणि प्लेट अशी दोन गटांत विभागणी झाली. २०१०-११ साली राजस्थानचा संघ खालच्या प्लेट गटात होता. त्याच हंगामात त्याने हैदराबादला अवघ्या २१ धावांत गुंडाळले, बरोबरीच्यांत जिंकत जिंकत तो बाद फेरीत पोहोचला आणि अखेर बडोद्याला मागे टाकून रणजी करंडक जिंकला. प्लेट गटातून येऊन करंडक उचलणारा तो पहिला संघ.

आमच्या मते आपल्या विद्यापीठाला उतरायचे नाही, तर एक पायरी बांधायची आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत दुसरा गट असावा. त्यात लहान महाविद्यालयांचे संघ साखळी पद्धतीने खेळावेत, म्हणजे हरलेल्यालाही चार-पाच सामने मिळतील. गटविजेत्याला पुढील वर्षी वर चढता यावे आणि वरच्या गटातील शेवटच्याने लाज न बाळगता खाली यावे. प्रवास शक्यतो जिल्ह्यातल्या जिल्ह्यात ठेवावा, म्हणजे मुलींना घरून परवानगी मिळणे सोपे जाईल आणि खर्चही आटोक्यात राहील. दुसरा करंडक कमी प्रतीचा, अशी कुजबुज होईल. शिकागोलाही ती ऐकावी लागली होती.

हाच विचार आपल्या धर्मग्रामांच्या आणि शाळांच्या क्रीडास्पर्धांनाही लागू पडतो. फुटबॉलचा करंडक दरवर्षी त्याच दोन-तीन संघांत फिरत असेल आणि बाकीची मुले कुंपणाला टेकून टाळ्या वाजवीत असतील, तर आयोजकांनी पुढील वर्षी दुसरा गट काढावा. त्यासाठी एक चेंडू आणि काही पंच अधिक लागतील. कुंपणाशी उभी असलेली मुले त्या वर्षी मैदानात उतरतील.